कलम 155 पासून सुरुवात कर

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. ई-गव्हर्नन्समध्ये मास्टर्स करायचंय, पण पदवी राज्यशास्त्राची, कोडिंगचा गंध नाही, तर हे झेपेल का, असं विचारलं आहेस. झेपेल. पण प्रश्न चुकीच्या टोकाने धरला आहेस, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी माझ्या धाकट्या काकांचा सातबारा. हस्तलिखित उताऱ्यावर त्यांचं क्षेत्र होतं 1 हेक्टर 20 आर. संगणकावर चढवताना ते 0 हेक्टर 12 आर झालं. तीन एकरांचे बारा गुंठे. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, कोणा ऑपरेटरचं भरदुपारी लक्ष उडालं असेल, एवढंच. काका पीककर्जासाठी सोसायटीत गेले तेव्हा सचिवाने उतारा पुढे सरकवला आणि म्हणाला, "अण्णा, तुमचं तर बाराच गुंठे दिसतंय." बांध जागच्या जागी, विहीर जागच्या जागी, ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि कागदावर बारा गुंठे.

पुढचे अकरा महिने मी त्यांच्याबरोबर हेलपाटे घातले. तलाठी म्हणाले, माझ्या लॉगिनला हे होत नाही. मंडळ अधिकारी म्हणाले, तहसीलला अर्ज करा. तिथे कळलं, जमीन महसूल संहिता 1966, तिच्यातलं कलम 155: लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीची, दुरुस्ती. जुन्या उताऱ्याची नक्कल जोडा, फेरफार जोडा, प्रतिज्ञापत्र जोडा. चूक सरकारची, पुरावा काकांनी द्यायचा, वर स्टॅम्प आणि झेरॉक्सचा खर्चही त्यांचाच. तू म्हणशील, आता डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. निघतो ना. काकांचे बारा गुंठेही तसेच निघाले असते, सहीनिशी.

तुझ्या विषयाचा गाभा मला त्या अकरा महिन्यांत कळला. सेवा ऑनलाइन आहे की नाही, हे पोर्टल उघडून कोणीही सांगेल. नोंद चुकली तर ती दुरुस्त करायचा अधिकार कोणाला, किती दिवसांत, कोणाच्या पैशाने, आणि तोवर त्या माणसाचं कर्ज, रेशन, पेन्शन चालू राहतं की अडतं, हे शोधायला मात्र मास्टर्स करावं लागतं.

संगणकातले सातबारे बरोबर चढलेत का हे ताडून बघायला शेवटी आपल्याकडे चावडी वाचनच करावं लागलं. गावात बसून उतारे मोठ्याने वाचायचे, ज्याला खटकेल त्याने हात वर करायचा. मला ही पद्धत मनापासून आवडते. फक्त आमच्या गावी वाचन झालं तेव्हा काका मुलीकडे पुण्याला होते.

परदेशात शिकायला गेल्यावर ब्रिटनचं पोस्ट ऑफिस प्रकरण अभ्यासाला येईलच. होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली 1999 पासून टपाल शाखांत बसवली गेली. तिच्यातल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसायला लागली आणि शाखा चालवणाऱ्या 900 हून अधिक लोकांना अफरातफरीबद्दल शिक्षा झाल्या. त्या शिक्षा सरसकट रद्द करायला 2024 मध्ये संसदेला कायदा करावा लागला. वर्गात सगळे सॉफ्टवेअरच्या दोषांवर बोलतील. तू तिथल्या पुराव्याच्या कायद्याकडे बघ. उलट काही समोर येत नाही तोवर संगणक नीट चालत होता असंच कोर्ट धरून चाले. म्हणजे यंत्र चुकलं हे दाखवायचं ओझं अशा माणसावर, ज्याला त्या यंत्राच्या आतलं काही बघताही येत नव्हतं. वाचताना मला काका आठवले.

ऑस्ट्रेलियात वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सारखं वाटून, तुम्ही सरकारी भत्ता जास्त घेतलात असं म्हणत गरीब लोकांवर देणी काढली गेली. हंगामी कामगाराचे सगळे पंधरवडे सारखे नसतात, हे आपल्या ऊसतोडणीच्या मुकादमानेही सांगितलं असतं. 2023 च्या शाही आयोगाचा त्यावरचा अहवाल मुळातून वाच.

एस्टोनियाच्या ऑनलाइन कारभाराचं कौतुक तू मेलमध्ये बरंच केलं आहेस. करावं असंच आहे, पण लोकसंख्या पुणे शहराच्या निम्मीही नाही, हे मनात ठेव. मला तिथल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, माझी माहिती कोणत्या खात्याने कधी पाहिली, हे नागरिकाला स्वतःला बघता येतं. दुसरी, 2017 मध्ये त्यांच्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला. सुमारे साडेसात लाख कार्डं. त्यांनी ते उघडपणे सांगितलं, प्रमाणपत्रं स्थगित केली आणि लोकांना घरूनही नवी करून घेता येतील अशी सोय केली. ल्यूव्हेन, म्युन्स्टर आणि टॅलिन या तीन विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमाला अर्ज करते आहेस, तर एस्टोनियातल्या टॅलिनच्या सत्रात हेच खणून काढ.

आता कोडिंग. ॲप बनवायला शिकू नकोस, ते करणारे पायलीचे पन्नास आहेत. एसक्यूएल, म्हणजे माहितीच्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा, मात्र शीक, दोन महिन्यांत येतं. दोन तक्ते जोडताना कोणाची नावं गळतात, हे स्वतःच्या हाताने करून बघितल्याशिवाय उमगत नाही. सातबाऱ्यावर "शांताबाई भ्र. रामचंद्र", आधारवर रोमन लिपीत आडनावासकट वेगळंच काही, बँकेच्या पासबुकात माहेरचं नाव. तिन्ही ठिकाणी बाई एकच, पण यंत्राच्या लेखी तिघी. योजनेचा हप्ता नेमका कोणत्या शांताबाईला गेला, हे शोधायला बाई सेतू केंद्रात येतात आणि तिथला पोरगा म्हणतो, "मावशी, नाव मॅच होत नाही." या एका वाक्यावर प्रबंध होईल.

आणि कायदा. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा. अधिसूचित सेवेला मुदत असते. ती चुकली किंवा अर्ज फेटाळला तर दोन अपिलं खात्यातच होतात, तिसरं आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला दंड 500 ते 5000 रुपये. कागदावर चांगला आहे. पण मुदत संपत आली की "त्रुटी आहे" असा शेरा मारून अर्ज परत पाठवायचा, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर, हा प्रकार मी स्वतः भोगलाय. आधारवरच्या 2018 च्या निकालातलं न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं भिन्नमतही वाच. लांब आहे, पण बहुमताच्या निकालासमोर ठेवून वाचलंस तर वाद कशाचा होता ते नीट कळेल.

प्रबंधाचा विषय "डिजिटायझेशनचा ग्रामीण भागावरील परिणाम" असला तर मला पाठवू नकोस. एक तालुका घे, एकच दाखला घे, उत्पन्नाचा म्हण. माहिती अधिकारात विचार की वर्षभरात किती अर्ज परत गेले, काय शेरे मारून, आणि अपिलं किती झाली. संयुक्त राष्ट्रांच्या ई-गव्हर्नन्स निर्देशांकात 2024 ला भारत 193 देशांत 97 वा होता. प्रस्तावनेत तो आकडा टाक हवा तर, परीक्षकांना आवडतो. कितीजण रिकाम्या हाताने परतले, ते त्यात कुठेच नसतं.

जायला अजून चार महिने आहेत. त्यातले पंधरा दिवस गावच्या महा ई-सेवा केंद्रात बाकावर बसून काढ. मुलाखती घेऊ नकोस, फॉर्म भरून घेऊ नकोस, लोक सावध होतात. नुसती वही ठेव: कोण आलं, काय मागितलं, काय ऐकून परत गेलं. तोच माणूस पुन्हा आला तर त्याच्या नावापुढे रेघ मार. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी नक्की बस, आणि दुपारी सर्व्हर डाउन झाला की उठू नकोस, खरं बोलणं तेव्हाच सुरू होतं.

वही भरली की घरी ये. काकांची 155 ची फाईल काढून ठेवतो, 43 पानं आहेत. काकू म्हणतात, ती रद्दीत द्या. मी अजून दिलेली नाही.