दीड हजारात लेक्चर आणि गाण्यांसाठी कोणता हेडफोन घ्यावा? वायरवाला की ब्लूटूथ?

तुम्ही लिहिलंय की राळेगाव तालुक्यात गावी राहता, भरतीचा अभ्यास मोबाईलवरच चालतो, दिवसाचे चार-पाच तास लेक्चर, रात्री थोडी गाणी. खोलीत कूलर सुरू असतो, फोनला गोल पिनेची जागा आहे आणि बजेट दीड हजार. कधीकधी रात्री ओलिताला शेतात जावं लागतं, तिथंही ऐकता.

माझं उत्तर सरळ आहे. कानात घट्ट बसणारा, रबरी टोपीचा, माईकवाला वायरचा इअरफोन घ्या. हजाराच्या आसपास चांगला मिळतो. या बजेटमध्ये ब्लूटूथच्या मागे लागू नका. माझं हिंगणघाटला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे कोणता हेडफोन टिकतो आणि कोणता कशानं मरतो, हे रोज टेबलावर दिसतं. त्यावरून सांगतो.

दीड हजाराच्या ब्लूटूथ बड्समध्ये दोन कानांच्या दोन बॅटऱ्या, डबीची तिसरी बॅटरी, ब्लूटूथची चिप, माईक, चार्जिंगचं सर्किट एवढं सगळं बसवायचं असतं. प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागासाठी त्यातून उरतं किती? वायरवाल्यात तेच पैसे ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग, बॉडी आणि वायर यांवर लागतात. शिवाय बड्सच्या आतली बॅटरी हरभऱ्याएवढी. दोन-तीन वर्षांत तिचा दम जातो आणि ती बदलून देणं आमच्यासारख्यांना परवडत नाही, कारण बॉडी चिकटवलेली असते, उघडली की तुटते. आपल्याकडच्या उन्हानं तर ती आणखी लवकर जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात टिनाच्या खाली किंवा गाडीच्या डिकीत डबी पडून राहिली की लिथियम बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. आणि लाईन गेली, डबी चार्ज नाही, उद्या टेस्ट आहे, हे तुम्हाला नको.

पण वायर की ब्लूटूथ यापेक्षा मोठी गोष्ट तुमच्या प्रश्नातच आहे, ती म्हणजे कूलर. कूलरचा पंखा आणि पाण्याची मोटर मिळून एकसारखी घरघर चालू असते. त्यात सरांचा आवाज दबतो, म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवतो. संध्याकाळी कूलर बंद केल्यावर तोच व्हॉल्यूम किती मोठा होता ते कळतं. म्हणून तुमच्यासाठी चांगला हेडफोन म्हणजे बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन. तो अडला की कमी व्हॉल्यूमवर शब्द न् शब्द ऐकू येतो, डोकं दुखत नाही आणि कानही वाचतात.

आवाज अडवण्याचं काम रबरी टोपी करते. कडक प्लॅस्टिकचे, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरफोन येतात, त्यांना अडवणं जमतच नाही. टोपीवाल्यांच्या डब्यात सहसा लहान, मधली, मोठी अशा तीन जोड्या असतात. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी इअरफोनला लावून आलेली मधली टोपी कधी बदलतच नाहीत. ती सैल बसते आणि मग तक्रार येते, ‘भाऊ, याच्यात दमच नाही.’ दम असतो, पण पाईपाचा सांधा सैल असला की पाण्याचा जोर जसा जातो, तसा सैल टोपीतून खालचा, खर्जाचा आवाज निसटून जातो. तिन्ही जोड्या लावून बघा. उजव्या-डाव्या कानाला वेगळं माप लागू शकतं, त्यात वावगं काही नाही. लावताना दुसऱ्या बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढा आणि मग इअरफोन आत सरकवा, म्हणजे नीट बसतो. मग तबला किंवा ढोलकी असलेलं गाणं लावा. डग्ग्याचा घुमार भरून येत असेल तर बसला. नुसती टिकटिक येत असेल तर टोपी बदला.

या किमतीतल्या काही डब्यांवर एएनसी म्हणजे बाहेरचा आवाज कापणारी सोय लिहिलेली असते. ती खालच्या, एकसारख्या घरघरीवर चालते, बोलण्यावर फारशी चालत नाही, आणि स्वस्तातल्या मालात तिचा गुण थोडाच येतो. बायांचं बोलणं, पोरांचा गलका, टीव्ही हे मधले-वरचे आवाज तर साधी घट्ट टोपीच अडवते.

कानाचं म्हटलं म्हणून आकडा सांगून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचं मानक दिलं. त्याप्रमाणे मोठ्या माणसानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. तुमचे लेक्चरचेच आठवड्याला तीसेक तास होतात. कूलरवर मात करायला थोडासा व्हॉल्यूम वाढवला की हिशोब मोडतो. व्हॉल्यूम फार झाला म्हणून फोन ज्या वेळी सूचना दाखवतो, ती ओके दाबून घालवू नका. आणि कानात शिट्टी वाजल्यासारखं राहत असेल तर त्या दिवशी ऐकणं बंद.

आता बासबद्दल, म्हणजे खर्जाच्या आवाजाबद्दल. दुकानात पहिला प्रश्न तोच असतो, बास कसा आहे. तुमच्यासाठी तो उलटा विचारायला हवा. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांनी, आणि त्यांची धार बरीचशी २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असते. बास फुगवलेल्या इअरफोनमध्ये ती धार दबते आणि सरांचा आवाज रांजणातून आल्यासारखा होतो. गणिताच्या लेक्चरमध्ये ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गोंधळ होऊ लागला की पाच मिनिटं मागे जावं लागतं. विकत घेताना गाणं लावून बघता तसं तुमचंच एखादं लेक्चर दीडपट वेगानं लावून बघा. त्या वेगात आकडे स्पष्ट कळले तर तो इअरफोन तुमचा. बास हवाच असेल तर तो फोनच्या इक्वलायझरमधून, म्हणजे आवाज कमी-जास्त जुळवायच्या सेटिंगमधून, थोडा वाढवता येतो, पण गढूळ आवाज मागून स्वच्छ करता येत नाही.

डब्यावरच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नका. २० ते २०,००० हर्ट्झ सगळेच छापतात, माणसाचा कानच साधारण तेवढा ऐकतो, त्यावरून चांगलं-वाईट काही ठरत नाही. ड्रायव्हर १० मिलिमीटरचा की १२ चा, यानंही ठरत नाही. ओहमचा आकडा १६ ते ३२ मध्ये असला की फोनवर आरामात चालतो, एवढं बघितलं तरी पुरे.

वायरवाल्याचं दुखणं एकच, वायर तुटणे, आणि ती जवळजवळ नेहमी पिनेपाशी तुटते. फोन खिशात, पिन वाकलेली, त्यावर माणूस बसतो. आतली तार केसासारखी, धाग्यांसोबत वळलेली, वरून लाखेचा पातळ थर. लाल उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांब्याच्या रंगाची दोघांची सामाईक. घरी जोडणारे ती लाख जाळत नाहीत, म्हणून सोल्डर धरत नाही आणि चार दिवसांत पुन्हा ‘एकाच कानात येऊन राह्यलं’ सुरू. त्यामुळे घेताना काटकोनी पिन असेल तर ती पसंत करा, पिनेमागचा रबरी गळा लवचिक आहे का ते वाकवून बघा, आणि वायर फोनभोवती आवळून गुंडाळू नका. सैल वेटोळं करून ठेवा.

एक गोष्ट मात्र इअरफोन फेकण्याआधी बघाच. खिशातली धूळ, आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू, फोनच्या पिनेच्या भोकात जाऊन बसतात. प्रत्येक वेळी पिन घातली की ते तळाशी आणखी दाबले जातात. मग पिन शेवटपर्यंत जात नाही, आवाज एका बाजूला येतो किंवा सर दूर कुठं बोलतात असं वाटतं. फोन बंद करून, लाकडी दातकोरणीनं उजेडात हळूच कोरून काढा. सुई, टाचणी नको. तसंच इअरफोनच्या टोकाच्या जाळीवर कानाचा मळ बसला की तो कान बारीक ऐकू येतो. टोपी काढून धुवा, जाळी कोरड्या मऊ ब्रशनं, तोंड खाली धरून झाडा. निम्मे ‘खराब’ इअरफोन एवढ्यानंच नीट होतात, त्याचे मी पैसेही घेत नाही.

नावं हवीत म्हणून सांगतो. साधा, दुकानात सहज मिळणारा माल हवा असेल तर सोनीचा एमडीआर-ईएक्स१५५एपी किंवा जेबीएलचा सी१००एसआय बघा. ऑनलाईन मागवायची तयारी असेल तर केझेडचा ईडीएक्स प्रो किंवा मूनड्रॉपचा चू २ हे माझ्या मते या पैशात जास्त चांगले, कारण त्यांची वायर कानापाशी सुटी होते. वायर गेली तर फक्त वायर बदलायची, बाकी इअरफोन तसाच. मूनड्रॉपची किंमत कधी तुमच्या बजेटच्या थोडी वर असते, तेव्हा केझेड घ्या. मागवताना ‘माईकसह’ हाच प्रकार निवडा, नाहीतर माईक नसलेला येतो. त्यांची वायर कानावरून मागे वळवून घालायची असते. सुरुवातीला अवघड वाटतं, पण त्यामुळे शेतात-घरात हालचाल करताना ओढ बसत नाही.

कान वाहतो, फुटलेला आहे, किंवा पावसाळ्यात आत खाज सुटते, अशांनी मात्र आत घालायचा इअरफोन घेऊ नये. आधी डॉक्टरला कान दाखवावा. मग सोनीचा झेडएक्स११०एपी हा कानावर टेकणारा, घडी होणारा हेडफोन चालेल. बोलणं त्यात स्वच्छ येतं, पण कूलर तो फारसा अडवत नाही. आणि पूर्ण कान झाकणारे, रेक्झिनच्या गाद्यांचे स्वस्त हेडफोन आपल्या उन्हाळ्यात नकोच. घामानं कान उकडतात आणि काही महिन्यांतच गादीचे पापुद्रे निघून मानेला चिकटतात.

रात्रीच्या ओलिताचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला तेच वाचून काळजी वाटली. दोन्ही कान बंद करून रात्री वावरात फिरू नका. रानडुकराची चाहूल, पराटीतली सळसळ, धुऱ्यावरून कुणी मारलेली हाक, मोटरचा बदललेला आवाज, हे सगळं आधी कानालाच कळतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे वाघाची भीती आहे ती वेगळीच. ऐकायचंच असेल तर एकाच कानात घाला आणि फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ सुरू करा. म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एका कानात येतो, काही सुटत नाही. हीच सेटिंग त्या लेक्चरांनाही कामाची, ज्यात रेकॉर्डिंगच्या गडबडीनं सर एकाच कानात बोलतात. पाणी वळवताना, दांडातून चालताना मात्र तोही काढून ठेवा. मोटरसायकलवर तर प्रश्नच नाही.

पुढे नोकरी लागून चार-साडेचार हजार जमले, तर ब्लूटूथमध्ये सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० हा २०२३ चा हेडफोन बघा. कंपनी ५० तासांची बॅटरी सांगते, म्हणजे एक-दोन दिवस लाईन नसली तरी अडत नाही. मात्र त्याला वायर लावायची सोयच नाही, हे माहीत असू द्या. आणि ऑनलाईन मुलाखतीत बोलायचं असेल तर ब्लूटूथवर माईक सुरू होताच बहुतेक हेडफोनांचा आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा बसका होतो. त्यासाठी तेव्हाही तुमचा वायरवालाच काढा.

पुढचा फोन गोल पिन नसलेला आला तरी हा इअरफोन वाया जात नाही. टाईप-सी ते गोल पिन असा जोड मिळतो, फक्त ‘डॅकवाला’, म्हणजे आवाज तयार करणारी चिप आतच असलेला, असा मागा आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून बघा. साधा जोड काही फोनांवर चालतो आणि सॅमसंगच्या बऱ्याच फोनांवर मुकाच राहतो.

घ्यायला वर्ध्याला, यवतमाळला किंवा नागपूरला सीताबर्डीवर जाल तेव्हा लेक्चर फोनमध्ये आधीच उतरवून न्या, बिल पक्कं घ्या आणि त्यावर मॉडेलचं नाव लिहून घ्या. ऑनलाईन मागवलात तर आधी वापस करण्याची अट वाचा, कानात घालायच्या वस्तू बरेचदा फक्त बदलून मिळतात, पैसे परत येत नाहीत. आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा, कारण एक कान बंद निघाला तर तोच दाखवावा लागतो.