खेळली तर सांधे झिजतील ना?

"मॅडम, खेळू दिलं तर हिचे सांधे झिजतील ना?" बालसंधिवात असलेल्या मुलांचे आईवडील माझ्यासमोर बसले की औषधांच्याही आधी हा प्रश्न येतो. आणि मूल बाहेर गेलं की दबक्या आवाजात दुसरा: "ती खरंच एवढी दमते, की आळस करते?" म्हणजे खेळू द्यायचं नाही, आणि पडून राहिली की आळशी म्हणायचं. सहावीतल्या एका मुलीची हीच कोंडी झाली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

तिचे दोन्ही गुडघे, घोटे, मनगटं सुजली, तेव्हा "वाढीचं दुखणं असेल" म्हणण्यात काही महिने गेले. मग निदान झालं, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध आणि जोडीला फॉलिक अॅसिड सुरू झालं. सूज बरीच उतरली. तरी शाळेतून आली की दप्तरासकट सोफ्यावर. घरातले नियम पक्के होते: पीटी बंद, सायकल बंद, जिना नको. त्यात आजींची यादी: दही, ताक, केळं, बटाटा, वाटाणा, हरभरा, सगळं वातूळ म्हणून वर्ज्य. घर शाकाहारी, आणि आमटीसुद्धा पातळ केलेली. आजींची माया खरी होती. पण या यादीत मुलीची बरीचशी प्रथिनं गेली होती.

आईला मी आधी दमण्याबद्दलच सांगितलं. सांध्यातला दाह, म्हणजे सूज आणि दुखणं आणणारी शरीराची आतली प्रतिक्रिया, सांध्यापुरता राहत नाही. टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी दाह वाढवणारी रसायनं रक्तातून अंगभर फिरतात. दाह जोरात असेल, विशेषतः ताप आणि पुरळ येणाऱ्या प्रकारात, तर मूल नुसतं झोपलेलं असतानाही शरीर जास्त ऊर्जा खर्च करत असतं. जेवायला कुणी बसलेलं नसलं तरी लग्नघरातली चूल पेटती राहते, तसं. त्याच रसायनांमुळे स्नायूंमधली प्रथिनं तुटतात. दुखऱ्या गुडघ्यावरचा मांडीचा स्नायू तर लवकर वाळतो. तिच्या फिजिओने टेपने मांडीचा घेर मोजून आईला दाखवला तेव्हा आई गप्पच झाली. गुडघा वाकडा ठेवून चालायलाही जास्त शक्ती लागते. व्यायामाच्या चाचण्यांत या मुलांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता इतर मुलांपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी भरली आहे. फ्रान्समधल्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. हलक्या व्यायामात शरीराने चरबी जाळायची, ती ही मुलं कमी जाळतात. टीएनएफ रोखणारं औषध दिल्यावर त्यात सुधारणा झाली.

"म्हणजे आराम द्यायला हवा ना?" आईने विचारलं.

नाही, आणि गाठ इथेच बसते. दाहाने वाळलेला स्नायू आरामामुळे आणखी वाळतो. मग तेवढ्याच जिन्याला जास्त धाप लागते, धाप लागते म्हणून आणखी आराम. सांधे झिजवतो तो आटोक्यात नसलेला दाह. औषध चालू असताना, फिजिओच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने आजार बळावतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

मुलीशी मी एकटीशी बोलले. पीटीच्या तासाला ती बाकावर बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. "घरी येता-जाता विचारतात, दुखतंय का, दुखतंय का. मग दुखायलाच लागतं," ती म्हणाली. दिवस लिहून काढायला सांगितल्यावर आणखी एक गोष्ट कळली. सकाळी सांधे आखडलेले, आवरायला पाऊण तास, त्यामुळे नाश्ता राहायचा. शनिवारी घेतलेल्या मेथोट्रेक्सेटमुळे रविवारी मळमळ, म्हणून जेवण नाही. संध्याकाळी ही मुलगी ताठ बसेल कशी?

मग आम्ही चिल्लर गोष्टींना हात घातला. अर्धा तास आधी उठणं, गरम पाण्याची अंघोळ, नाश्ता. दही, केळं, घट्ट वरण परत आलं. आजींना मी समजावलं नाही, डॉक्टरांकडून सांगवलं. आमच्याकडे हाच मार्ग चालतो. डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही तपासलं, तेही कमी होतं. "दुखतंय का" हा प्रश्न दिवसातून एकदाच, रात्री. फिजिओने मांडीचे व्यायाम दिले आणि सायकल सुरू केली, आधी दहा मिनिटं. खेळून दोन तास झाले तरी दुखणं वाढलेलंच असेल किंवा दुसऱ्या सकाळी सांधा सुजला असेल, तर पुढच्या वेळी कमी. पण शून्य नाही.

दिवाळीनंतर उजवा गुडघा फुगला. वडील आधीच रागात आले: "सायकल कुणी सांगितली होती?" डॉक्टरांनी विचारपूस केली तेव्हा कळलं, सहामाहीत मळमळ नको म्हणून ओळीने दोन शनिवार गोळी दिलीच नव्हती. दाह कधी कधी काहीही न चुकता उसळतो, त्यामुळे सगळा दोष त्या दोन शनिवारांवर टाकायला मी तयार नव्हते. सायकलवर तर त्याहून नाही. मळमळीवर औषध मिळतं, मेथोट्रेक्सेट इंजेक्शनने घेण्याचाही पर्याय असतो, हे मात्र त्या दिवशी स्पष्ट बोलणं झालं. गुडघा उतरेपर्यंत उड्या बंद, सांधा हलवण्याचे हलके व्यायाम चालू.

शाळेसाठी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. "खेळातून सूट द्यावी" हे वाक्य मी आग्रहाने काढायला लावलं. त्याऐवजी लिहिलं: स्वतःच्या वेगाने भाग घेईल, दमली तर स्वतः थांबेल, सूज असेल त्या दिवशी उड्या व पळापळी नाही, सकाळच्या पहिल्या तासाला उशीर झाल्यास चालवून घ्यावे. तुमच्या मुलाच्या मानेच्या सांध्यांनाही त्रास असेल तर कोलांटउड्यांबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारून तेही त्यात घाला.

आता ती रोज पाऊण तास सायकल चालवते आणि पीटीला लंगडी सोडून बाकी सगळं करते. खो-खोला डॉक्टरांनी अजून होकार दिलेला नाही, घोटा आणखी स्थिर व्हायला हवा म्हणून. त्यावरून ती दर भेटीत त्यांच्याशी भांडते.