लेसरच्या हप्त्यांआधी विम्याचं बघा

प्रश्न : वय 36. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी लेसर रिसर्फेसिंगचं सहा सिटिंगचं पॅकेज घ्यायचं आहे. किंमत तीन पगारांएवढी, बारा बिनव्याजी हप्ते. एकरकमी भरले तर दहा टक्के सूट. हप्ते घेऊ, की तीन वर्षं भरलेली विमा पॉलिसी मोडू? नोकरी कंत्राटी आहे, घरात मी एकटीच कमावते, मुलगी सात वर्षांची आहे. चेहरा सुधारला की चांगली नोकरी मिळेल, मग हप्ते जड जाणार नाहीत.

उत्तर : आधी हप्त्यांचं. रोखीत 90 ला मिळणारी गोष्ट तुम्ही हप्त्यांनी 100 ला घेताय. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे हे व्याज वर्षाला जवळपास 20 टक्के पडतं. बिनव्याजी काही नाही यात.

आणि खर्च तीन पगारांवर थांबणार नाही. ॲब्लेटिव्ह लेसर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड किंवा अर्बियम, त्वचेचा वरचा थर जाळतो. फ्रॅक्शनल पद्धतीत तो ठिपक्याठिपक्यांनी जळतो, म्हणून जखम लवकर भरते. तरी पहिले काही दिवस चेहरा सुजलेला, लाल आणि खपल्यांनी भरलेला असतो. लाली पुढे काही आठवडेही टिकू शकते. कंत्राटी नोकरीत भरपगारी रजा नसेल, तर प्रत्येक सिटिंगला पाच दिवस धरून सहा सिटिंगचा महिना होतो. म्हणजे आणखी एक पगार गेला.

फायदा होतो, पण खड्डे उथळ होतात, नाहीसे होत नाहीत. अरुंद, खोल खड्ड्यांवर लेसर फारसा चालत नाही. त्यांना वेगळे उपचार लागतात. नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भराव देणारं प्रथिन, तयार व्हायला तीन ते सहा महिने जातात, त्यामुळे खरा निकाल उशिरा कळतो. सावळ्या त्वचेवर नंतर काळे डाग उमटण्याचा धोका जास्त, त्यासाठी आधी छोट्या भागावर चाचणी करून घ्यावी. मुरुम अजून येत असतील तर ते आटोक्यात आणणं पहिलं काम. हे सगळं माहीत असताना पहिल्या सिटिंगआधीच सहांचे पैसे मागणं मला पटत नाही. एका सिटिंगचे पैसे द्या, त्वचा कशी भरते ते बघा, मग पुढचं.

चेहऱ्यामुळे पगार वाढेल आणि त्यातून हप्ते फिटतील, हे मात्र गणितात धरू नका. आत्मविश्वास वाढेलही, त्यासाठी खर्च करण्यात काही गैर नाही. पण न मिळालेल्या पगारावर हप्ते ठरवायचे नसतात.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. तुम्ही पाठवलेल्या कागदांनुसार पॉलिसीचा हप्ता वर्षाला एक पगार आणि विमा कवच दहा पगारांचं. उद्या तुम्हाला काही झालं तर मुलीच्या हातात दहा महिन्यांचा पगार येईल. ती सात वर्षांची आहे! तिला स्वतःच्या पायावर उभं राहायला निदान पंधरा वर्षं आहेत. ही पॉलिसी विकणाऱ्याने तुम्हाला 'साठ टक्के नफा' सांगितला. वीस पगार भरा, वीस वर्षांनी बत्तीस घ्या. हा परतावा वर्षाला साडेचार टक्केही पडत नाही. एकट्या कमावत्या आईला असली पॉलिसी विकली याचा मला राग येतो.

तुम्हाला निव्वळ टर्म विमा हवा, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा; वार्षिक उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट. या वयात, तब्येत ठीक असेल तर, त्याचा हप्ता सध्याच्या हप्त्याचा छोटासा भाग असेल. आजार, औषधं, तंबाखू काहीही लपवू नका, नाहीतर दावा अडतो.

पॅकेजच्या हप्त्यात महिन्याला पाव पगार जाणार होता. तोच बाजूला टाका. उरलेल्या पाऊण पगारात घर चालतं असं धरलं, तर वर्षाअखेर चार महिन्यांचा खर्च हाताशी असेल. कंत्राट संपलं तर तोच उपयोगी पडेल. त्यानंतर दोन महिन्यांची बचत म्हणजे एका सिटिंगचे रोख पैसे, कुणाचंही देणं न ठेवता.

जुनी पॉलिसी मोडायची की पेड-अप ठेवायची, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी कवचावर चालू ठेवायची, हे कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी घेऊन ठरवू. ते आकडे मला पाठवा. पण टर्म विमा मंजूर होऊन कागद हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका, आणि नवीन कागदावर मुलीच्या नावासोबत ती सज्ञान होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या विश्वासू माणसाचं नाव घाला.