कद्दिश ही मृतासाठीची प्रार्थना असते का, आणि ती अकराच महिने का म्हणतात?

आपल्या कार्यालयातील ज्यू सहकाऱ्याचे वडील वारले, तो रोज संध्याकाळी सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, जातो व अकरा महिने जाणार असल्याचे सांगतो, तर तो मृतासाठी नेमके काय म्हणतो, असे आपण विचारले आहे. मी कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, कुटुंबातला असून वडिलांसाठी हे अकरा महिने पाळलेले आहेत, म्हणून उत्तर देत आहे.

तो म्हणतो त्या प्रार्थनेचे नाव कद्दिश. तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही, मृताचे नावही नाही. 'यितगदल वेयितकदश शमे रब्बा', म्हणजे 'त्याचे थोर नाव मोठे होवो आणि पवित्र मानले जावो', अशी ती सुरू होते. भाषा बहुतांशी अरामी, फक्त शेवटची शांतीची ओळ हिब्रू. ज्या दिवसांत देवावर रुसावेसे वाटते त्याच दिवसांत उभे राहून चारचौघांत त्याची थोरवी गायची, हे मला पहिले काही आठवडे फार जड गेले.

ती एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरील दहा जण, म्हणजे मिनियान, हजर असावे लागतात. आमच्या परंपरेत फक्त पुरुष मोजले जातात, काही सुधारणावादी पंथांत स्त्रियाही. पहिले सात दिवस, म्हणजे शिवा, ही माणसे घरी येतात. त्यानंतर आपण त्यांच्याकडे जायचे. 1948 नंतर आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेल्यामुळे नऊ जण जमून दहाव्याची वाट पाहत बसण्याच्या कितीतरी संध्याकाळी मी अनुभवल्या आहेत. तो दहावा दारात दिसला की आपण उभे राहतो, आणि मध्येच सगळे 'आमेन, येहे शमे रब्बा मेवारख', म्हणजे 'आमेन, त्याचे थोर नाव धन्य असो', असे उत्तर देतात. दुःखात असलेल्या माणसाला घरात कोंडून घेऊ न देण्याची ही युक्ती असावी, असे माझे मत आहे.

अकरा महिन्यांचे कारण मोठे मजेशीर आणि हळवे आहे. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मनियम-ग्रंथात मेल्यानंतर दुष्टांचा न्याय बारा महिने चालतो असे म्हटले आहे. मुलाने पूर्ण बारा महिने कद्दिश म्हटली, तर बापाला दुष्टांत गणल्यासारखे होईल, म्हणून एक महिना आधीच थांबायचे. पती, पत्नी, भावंडे किंवा अपत्य यांच्यासाठी शोकाचा काळ 30 दिवसांचाच असतो.

मृताचे नाव घेऊन त्याच्या आत्म्याला विश्रांती मागणारी प्रार्थना वेगळी आहे. आम्ही सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडील ज्यूंच्या, पद्धतीने चालत असल्याने तिला हश्काबा म्हणतो. युरोपीय ज्यूंमध्ये तिच्या जागी 'एल माले रहमीम' असते. पुढे दरवर्षी पुण्यतिथीला दिवा लावून कद्दिश म्हणतात. ही पुण्यतिथी खरोखरच तिथी असते, कारण हिब्रू पंचांग चांद्र महिन्यांचे असून त्यातही 19 वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो.

आपल्याला एखाद्या दिवशी त्याच्याबरोबर जायचे असल्यास डोके झाकून अवश्य जावे. दहांत आपली गणना होणार नाही, पण मागे बसायला कोणाची हरकत नसते. मात्र संध्याकाळची प्रार्थना सूर्यास्ताशी बांधलेली असल्याने हिवाळ्यात त्याला कार्यालयातून बराच लवकर निघावे लागेल. तेवढ्यापुरते त्याचे काम आपण सांभाळलेत, तर त्याला त्याचीच अधिक मदत होईल.