श्रद्धांजलीच्या सभेत विचारलेला प्रश्न

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीत राहतो. दरवर्षी २६ जुलैला कारगिल विजय दिनानिमित्त आमच्याकडे छोटी सभा होते. यंदा सूत्रसंचालन माझ्या मुलाकडे होते. तो महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. बोलता बोलता तो म्हणाला, ‘‘ही शिखरे परत घेताना इतके जवान गेले, पण शत्रू तिथवर पोहोचेपर्यंत आपल्याला पत्ता कसा लागला नाही, हेही विचारायला हवे.’’ त्याबरोबर एका ज्येष्ठ सभासदांनी उठून त्याच्या हातातला माईक काढून घेतला. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘असली मुलेच पुढे देशद्रोही निघतात’ इथपर्यंत मजल गेली. मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष चालू असताना त्याने असेच काही लिहिले होते, तेही उकरून काढण्यात आले. तेव्हापासून मुलगा गप्प गप्प असतो. त्याचे खरोखर चुकले का? निदान युद्धाच्या काळात तरी असे प्रश्न टाळावेत का?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, आपल्या मुलाचे चुकले असे मला मुळीच वाटत नाही. त्याने विचारलेला प्रश्न सरकारने स्वतःच, आणि तोही लढाई थांबताच, विचारला होता. २६ जुलै १९९९ रोजी कारगिलची लढाई संपली आणि २९ जुलैला के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली गेली. बटालिक भागात अनोळखी माणसे दिसल्याची पहिली खबर मे महिन्याच्या सुरुवातीला मेंढपाळांकडून आली होती, तोवर घुसखोरांनी उंचावरच्या जागा धरल्या होत्या, आणि त्या परत मिळवताना सरकारी नोंदीप्रमाणे ५२७ जवानांनी प्राण दिले. समितीने गुप्तवार्ता यंत्रणेतील उणिवांवर स्पष्टपणे बोट ठेवले. सुरक्षेच्या कारणास्तव काही मजकूर वगळून तो अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडण्यात आला. पुढे मंत्रिगट बसला, २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली, आणि तिन्ही दलांसाठी एक प्रमुख असावा ही शिफारस प्रत्यक्षात यायला जानेवारी २०२० उजाडावा लागला. हा सारा इतिहास विजय दिनाचाच भाग आहे आणि तो सभेत सांगितला जायला हवा.

माईक काढून घेणाऱ्या गृहस्थांना मी निर्दय म्हणणार नाही. गेलेल्यांच्या तसबिरीसमोर कोणी हिशेब मांडतो आहे असे वाटून माणूस कळवळतो, आणि त्या कळवळ्याला मान द्यायला हवा. ज्या घरी तिरंग्यात लपेटलेले पार्थिव आले आहे, त्या घराच्या अंगणात कोणी व्यूहरचनेची चर्चा करू नये, एवढी मर्यादा आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. मात्र पंचवीसहून अधिक वर्षांनी होणारी सार्वजनिक सभा म्हणजे सुतकातले घर नव्हे, आणि एका विद्यार्थ्याला देशद्रोही ठरवणे हे तर कोणत्याही मर्यादेत बसत नाही.

आता युद्धकाळाविषयी. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. आपले जवान हिमालयातल्या थंडीत पुरेशा गरम कपड्यांशिवाय लढत होते. जनसंघाचे तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी संसदेचे अधिवेशन बोलावण्याची मागणी केली, पंतप्रधान नेहरूंनी ती मानली आणि ८ नोव्हेंबरपासून, म्हणजे लढाई चालू असतानाच, सरकारच्या तयारीवर उघड चर्चा झाली. त्याआधीच सत्ताधारी पक्षातूनही इतका रोष व्यक्त झाला होता की संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि त्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपण अभिमानाने सांगतो, परंतु सह्याद्रीला हाक गेली ती ऐन युद्धात लोकप्रतिनिधींनी सरकारला जाब विचारला म्हणून, हे सांगायचे मात्र राहून जाते. तेव्हा कोणी त्या खासदारांच्या देशनिष्ठेवर शंका घेतली असती, तर सैनिकांचेच नुकसान झाले असते.

युद्धात टाळायच्या गोष्टी निश्चित आहेत. सैन्याच्या हालचाली, तळ, तुकड्यांचे मार्ग यांविषयी बोलू नये, चित्रफिती पुढे पाठवू नयेत. एप्रिल २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी कारवायांचे थेट प्रक्षेपण करू नये अशी सूचना वृत्तवाहिन्यांना दिली होती, ती योग्यच होती. रेल्वे स्थानकावरून जाणाऱ्या लष्करी गाडीचे चित्रण ‘जय हिंद’ लिहून ग्रुपवर टाकणारा माणूस मनाने कितीही चांगला असला, तरी तो धोका निर्माण करतो. धोरणाविषयी प्रश्न विचारणारा तसा धोका निर्माण करत नाही.

पहलगामच्या हल्ल्यात डोंबिवलीची तीन माणसे गेली. आपल्या जिल्ह्याचा राग आतून आलेला होता आणि मी तो कमी लेखत नाही. पण त्याच दिवसांत काय घडले तेही आठवावे. हल्ल्यात पती गमावलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने मुसलमानांना आणि काश्मिरी लोकांना लक्ष्य करू नका असे आवाहन केले, म्हणून समाजमाध्यमांवर तिच्यावर इतकी चिखलफेक झाली की राष्ट्रीय महिला आयोगाला तिच्या बाजूने बोलावे लागले. जिने सर्वस्व गमावले तिलाच देशप्रेम शिकवायला निघालेल्या त्या गर्दीचे काय म्हणायचे? आपल्या मुलाला आलेले संदेश त्याच वृत्तीतून आलेले आहेत, हे त्याला जरूर सांगा.

या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बाजू सभांमध्ये सहसा येत नाही. २०१७ पर्यंत असा नियम होता की शौर्यपदक मिळवलेल्या दिवंगत सैनिकाच्या पत्नीने पुनर्विवाह केला तर पदकाबरोबर मिळणारा भत्ता बंद होई, अपवाद फक्त दिराशी लग्न केल्यास. पंचविशीत वैधव्य आलेल्या मुलीने कोणाशी संसार करावा, हे एका सरकारी अटीने ठरत होते! त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती अट रद्द झाली. हुतात्म्यांच्या मुलांना १९७१ च्या युद्धानंतर सुरू झालेल्या शैक्षणिक सवलतीवर जुलै २०१७ पासून महिना दहा हजार रुपयांची मर्यादा घातली गेली. नौदलप्रमुखांनी स्वतः पत्र लिहिले, लोक बोलले, आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा मागे घेण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एक अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेला सैनिक, सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. अग्निवीराच्या कुटुंबाला ४८ लाखांचा विमा आणि अन्य रकमा मिळतात, मात्र नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळते तसे निवृत्तिवेतन मिळत नाही. एकाच चौकीवर, एकाच बर्फात उभ्या असलेल्या दोघांच्या आईवडिलांत हा फरक असावा का? हा प्रश्न पुढच्या २६ जुलैला विचारला गेला, तर त्या सभेचे मोल वाढेल असे माझे मत आहे. सूत्रसंचालन पुन्हा मुलाकडेच द्यावे असा आग्रह आपण सोसायटीच्या सभेत धरा.

प्रश्न : आमचे मंडळ नेरूळमध्ये एका वीरमातेचा सत्कार करणार आहे. थोडी वर्गणीही जमली आहे. ती कशी द्यावी?
– मंडळाचे कार्यवाह, नवी मुंबई

उत्तर : वर्गणी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सशस्त्र सेना ध्वज दिन निधीत द्यावी आणि पावती सभेत वाचून दाखवावी. ७ डिसेंबरच्या ध्वज दिनाचीच वाट पाहायला हवी असे नाही. त्या कुटुंबाला थेट मदत करायची असेल तर आधी घरी जाऊन कशाची गरज आहे ते विचारावे; पुष्कळदा पैशापेक्षा एखाद्या कार्यालयात अडकलेल्या कागदासाठी बरोबर येणारे माणूस हवे असते.

सत्काराविषयी एवढेच सांगतो. प्रमुख पाहुणे येईपर्यंत त्या माउलींना व्यासपीठावर तास दीड तास बसवून ठेवले जाते, मागे ध्वनिक्षेपकावर गाणी चालू असतात, आणि शाल-श्रीफळ हाती पडल्यावर छायाचित्रासाठी त्यांना दोनदा उभे केले जाते. हे करू नका. कार्यक्रम वेळेवर सुरू करा, बोलायचे आहे का हे आदल्या दिवशी विचारा, आणि त्यांनी सरकारविषयी तक्रार मांडली तर निवेदकाने मध्ये पडू नये. त्यांना यायचेच नसेल, तर त्यांचा नकार मान्य करा आणि शाल घरी पोहोचवण्याचा आग्रह धरू नका.