केळीच्या बागेतून कॉफीच्या मळ्यात

वाचकांचे प्रश्न : सहलीची तयारी

प्रश्न : आम्ही फैजपूरजवळच्या गावात राहतो. घरची केळीची बाग आहे. जानेवारीत आठ दिवस मोकळे काढता येतील. यजमान, मी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई असे चौघं आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. एका सहल कंपनीच्या पत्रकात सहा दिवसांत म्हैसूर, उटी, कूर्ग आणि चिकमगळूर दाखवलंय. यजमान म्हणतात, मला पॉइंट बघायचे नाहीत, कॉफीची बाग बघायचीय. घरात सगळे शाकाहारी, सासूबाईंना अंड्याचंही चालत नाही. कसं जमवावं?
– एक वाचक, ता. यावल

उत्तर : ताई, ते पत्रक आधी बाजूला ठेवा. उटी तामिळनाडूत नीलगिरीवर, कूर्ग म्हणजे कोडगू म्हैसूरच्या पश्चिमेला आणि चिकमगळूर त्याच्याही उत्तरेला. मधे सगळे घाट. ही यादी सहा दिवसांत उरकायची तर दिवस गाडीत जातो, खोलीवर अंधारात पोचायचं आणि सकाळी उठून पुन्हा पिशव्या भरायच्या. सासूबाईंना पायऱ्यांपेक्षा हे तासन्‌तास पाय मुडपून बसणंच जास्त बाधेल. उटी आणि चिकमगळूर वगळा आणि कोडगूत एकाच मुक्कामी राहा. तुमच्या यजमानांचं म्हणणं मला मनापासून पटलं.

खानदेशातून निघणाऱ्याने पहिला हिशेब प्रवासाचा करावा. कोडगू जिल्ह्यात रेल्वे नाही. आपल्याला सोयीची गाडी कर्नाटक एक्स्प्रेस, ती भुसावळ आणि जळगाव दोन्हीकडे थांबते. दुपारी बसलात की साधारण दुसऱ्या दिवशी दुपारी बंगळूर. वेळा तिकीट काढताना ताडून घ्या. तिथून म्हैसूरला गाड्या भरपूर आहेत, अडीच-तीन तास लागतात. म्हैसूरहून मडिकेरी, म्हणजे कोडगूचं मुख्य गाव, सुमारे १२० किलोमीटर, हा पुढचा रस्ता बसने किंवा भाड्याच्या गाडीने.

शुक्रवारी निघा. शनिवारी रात्री म्हैसूरला मुक्काम करा, रविवारी तिथेच थांबा. हा दिवस वाया जात नाही. सासूबाईंची पाठ मोकळी होते आणि रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिव्यांची रोषणाई असते, ती मुलाला दाखवा. खरं कारण मात्र वेगळं आहे. शनिवार-रविवारी अर्धं बंगळूर कोडगूत उतरतं. रस्ते तुंबतात, खोल्यांचे भाव चढतात. तुम्ही सोमवारी सकाळी वर चढाल तेव्हा ती गर्दी परतलेली असेल. सोमवार, मंगळवार, बुधवार तुमचे. गुरुवारी पहाटे मडिकेरी सोडा, संध्याकाळी बंगळूरला परतीची कर्नाटक एक्स्प्रेस, शुक्रवारी घरी. संक्रांत उरकून निघा, पण २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळा. मुलाची आठवडाभर शाळा बुडेल, ती बुडू द्या. वर्गशिक्षकांना आधी चिठ्ठी द्या म्हणजे झालं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी तिकिटं काढा आणि सासूबाईंसाठी खालचा बर्थ मागून घ्या.

आता बागेचं. मडिकेरीच्या बाजारपेठेतलं हॉटेल घेऊ नका. मळ्यातच राहायची सोय असलेलं घर घ्या, तिथे त्यांना होम-स्टे म्हणतात. फोनवर सरळ विचारा : मळा तुमचा स्वतःचा आहे का, तोडणी चालू आहे का, मालक किंवा मुकादम बागेतून फिरवून आणतील का? नुसतं ‘कॉफीच्या मळ्याचं दृश्य’ दाखवणारी खोली तुमच्या यजमानांच्या कामाची नाही.

कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. जानेवारीत अरेबिकाची तोडणी संपत आलेली असते आणि रोबस्टा लाल होत असते, म्हणजे दोन्ही एकाच फेरीत बघायला मिळतात. केळीचा घड आपण एकदाच कापतो. इथे एकाच फांदीवर हिरवं, पिवळं आणि लालभडक फळ शेजारी शेजारी असतं. अरेबिका तोडणाऱ्या बायका कमरेला पिशवी बांधून फक्त पिकलेलं तेवढं तोडतात, आणि काही दिवसांनी त्याच झाडाकडे पुन्हा येतात. एक लाल फळ बोटांत दाबून बघा. आतून बुळबुळीत गराने वेढलेल्या दोन बिया निघतात, सपाट बाजूने एकमेकींना चिकटलेल्या. मुलाला तो गर चोखू द्या, गोडसर लागतो. कॉफीचा वास त्याला अजिबात येणार नाही. तो वास बी भाजल्यावर येतो.

यजमानांना वर बघायला सांगा. ही बाग उघड्यावर नाही, सावलीत आहे. वर सिल्व्हर ओक आणि जंगलातली जुनी झाडं, खाली पांगारा. हो, आपलाच पांगारा, शेंदरी फुलांचा. कित्येक झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात, म्हणजे एकाच जमिनीतून दोन पिकं. अरेबिकाला ऊन जास्त लागलं की खोडकिड्याचा त्रास वाढतो, म्हणून सावली किती ठेवायची आणि फांद्या केव्हा छाटायच्या हे तिथलं मोठं कसब आहे. फेब्रुवारी-मार्चच्या पावसाच्या सरींवर कॉफीचा फुलोरा अवलंबून असतो. सर चुकली तर तुषार सिंचनाने पाणी देतात, आणि पाण्यानंतर आठ-दहा दिवसांनी सगळी बाग एकदम पांढरी होते. ठिबकवर केळी काढणाऱ्या माणसाला तिथल्या मालकाशी बोलायला दुभाष्या लागणार नाही. मोडक्या हिंदीत दोघांची दुपार निघून जाईल. खळ्यावर चला म्हणून आग्रह करा. अरेबिकाची साल काढून, धुऊन, बी वाळत घालतात आणि दिवसभर दंताळ्याने फिरवत राहतात. रोबस्टा बहुतेक ठिकाणी फळासकटच वाळवतात.

बाकी ठिकाणं थोडक्यात. मडिकेरीच्या वाटेवर कुशालनगरजवळ बैलकुप्पे लागतं. १९६० नंतर वसलेली तिबेटी वसाहत, तिथलं सोनेरी मूर्तींचं नामड्रोलिंग मंदिर जातानाच बघून घ्या, सगळं सपाटीवर आहे. सोमवारी संध्याकाळी राजा सीट, तीही बागच. दुबारेला नदीकाठी हत्ती आहेत. मुलगा आणि यजमान होडीने पलीकडे जातील, तुम्ही दोघी काठावर बसा. अॅबी धबधब्याला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात आणि जानेवारीत पाणीही ओसरलेलं असतं, तो सोडा. सासूबाईंना मात्र तलकावेरीला न्याच. कावेरीचा उगम आहे तो. आधी भागमंडलाचा संगम लागतो, पुढे आठेक किलोमीटरवर तलकावेरी. कुंडापर्यंतच्या पायऱ्या त्या हळूहळू चढतील. मागच्या ब्रह्मगिरीच्या शेकडो पायऱ्या त्यांच्यासाठी नाहीत.

जेवणाचे हाल होणार नाहीत, पण आधी बोलावं लागेल. कोडवा म्हणजे तिथला स्थानिक समाज. त्यांच्या घरांत पाहुण्यासाठी डुकराचं मटण हा मानाचा पदार्थ, त्यामुळे ‘व्हेज’ एवढा एक शब्द पुरत नाही. मांस, मासळी, अंडं काही नको आणि भांडी वेगळी हवीत, असं खोली ठरवतानाच सांगा. मग तुम्हाला अक्की रोटी मिळेल, म्हणजे तांदळाची भाकरी, कडंबुट्टू नावाचे वाफवलेले तांदळाचे गोळे आणि नूलपुट्टूच्या शेवया. मडिकेरी आणि कुशालनगरला उडुपी पद्धतीची शाकाहारी हॉटेलं आहेत. कळण्याची भाकरी आणि ठेचा दोन दिवसांचा रेल्वेसाठी बांधून न्या. थंडी आपल्या जानेवारीसारखीच, नेहमीचे स्वेटर पुरतील.

कॉफी विकत घेताना चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती एका भाजलेल्या मुळाची पूड, किती टक्के आहे ते विचारा. दुकानातल्या पुडीत ती बहुधा मिसळलेली असते. दूध घालून पिणाऱ्यांना थोडी चिकोरी आवडते, पण पैसे कॉफीचे देताय तर माहीत असलेलं बरं. दळून आणलेली पूड लवकर उतरते, म्हणून महिनाभराचीच घ्या, आणि तिथला स्टीलचा किंवा पितळेचा फिल्टर सोबत आणा.

प्रश्न : रजा तीनच दिवसांची आहे. कॉफीचं झाड बघायची मुलीची फार इच्छा, पण कर्नाटकात जाणं या वर्षी शक्य नाही. दुसरं काही?
– एक शिक्षक, शिरपूर

उत्तर : सर, चिखलदऱ्याला जा. महाराष्ट्रात कॉफी पिकणारं थंड हवेचं ठिकाण म्हणून ते ओळखलं जातं, उंची अकराशे मीटरच्या आसपास. भुसावळहून बडनेरा किंवा अमरावती गाठा आणि परतवाड्यावरून घाट चढा. कोडगूसारखे मैलोगणती मळे इथे नाहीत. आहे ती लागवड थोडीच आहे, पण मुलीला झाड, पान आणि फळ हातात घेऊन बघता येईल. फळ लाल झालेलं हवं असेल तर डिसेंबर-जानेवारी धरा आणि मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून सध्या फळ आहे का ते विचारा. पंचबोल पॉइंटला प्रतिध्वनी येतो, तिथे मुलीला मोठ्याने हाक मारू द्या. गाविलगडासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने मराठ्यांकडून हा किल्ला घेतला. गड मोठा आहे आणि चालणं पुष्कळ, तेव्हा पाणी आणि खाणं खालूनच घेऊन निघा.