चष्मा दप्तरात का जातो?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, की थोड्याच दिवसांत ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी यायला लागतात. "मॅडम, मुलं ह्याला चिडवतात. हा रडत घरी येतो. आम्ही 'लक्ष देऊ नकोस' सांगून सांगून थकलो." जाड्या, काळू, बुटकी, तोतऱ्या, ढापण्या. चिडवायचं नाव तेवढं बदलतं.

'लक्ष देऊ नकोस' हे सांगायला सोपं आहे. पण लक्ष द्यायचं नाही म्हणजे सात वर्षांच्या मुलाने नेमकं करायचं काय, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून सोहमची हकिकत सांगते. नाव अर्थातच बदललं आहे.

सोहम दुसरीत होता. त्याचा एक डोळा 'आळशी', म्हणजे नीट वापरातच न आलेला. डॉक्टरांनी दिवसभर चष्मा लावायला सांगितला होता. हा उपचार लहान वयात जितका लागू पडतो तितका पुढे पडत नाही, त्यामुळे आईचा जीव टांगणीला. आणि शाळेच्या रिक्षात चौथीतली दोन मुलं रोज 'ढापण्या, डबल बॅटरी' करून ओरडायची. रिक्षाकाकाही हसायचे. सोहमने त्यावर आपला उपाय शोधला होता: कोपऱ्यावर रिक्षा दिसली की चष्मा दप्तरात.

"एवढंसं पोर आणि आत्ताच डोळा बिघडला हो बिचाऱ्याचा," आई माझ्यासमोर म्हणाली. सोहम शेजारीच बसला होता. ते वाक्य मी मनात टिपून ठेवलं.

पहिल्या काही भेटी चित्रं काढण्यात आणि गप्पांत गेल्या. मग एकदा विचारलं, "ढापण्या म्हटलं की काय होतं?"

"रडू येतं."

"आणि रडू यायच्या आधी मनात काय येतं?"

बराच वेळ तो खडूचा कागद सोलत बसला. "की मी बिघडलेलोय."

मुलं चिडवतात तेव्हा शब्द त्यांचा असतो, पण मुलाला टोचतं ते त्यानंतर त्याने स्वतःशी बोललेलं वाक्य. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली ती याच पायावर, आणि मी त्याच वाटेने काम करते. पण मुलं ही वाक्यं हवेतून आणत नाहीत. बऱ्याचदा ती आपल्याच घरात, आपल्याच तोंडून ऐकलेली असतात.

"मी तुला हिरवा हत्ती म्हटलं तर रडशील?"

तो खदखदून हसला. "मी कुठे हत्ती आहे!"

पुष्कळ मुलांचं काम इथेच होतं. सोहम मात्र क्षणभराने म्हणाला, "पण चष्मा तर मला खरंच आहे." बिनतोड मुद्दा! चिडवण्यातली गोष्ट खरी असेल तर हत्ती उपयोगाचा नाही.

मग आम्ही मोठ्या कागदावर पोकळ अक्षरांत एक भलामोठा 'मी' काढला आणि तो छोट्या छोट्या 'मीं'नी भरायला घेतला. चष्मा लावणारा मी. कॅरममध्ये बाबांना हरवणारा मी. कारलं न खाणारा मी. अंधाराला घाबरणारा मी. आजीला मोबाइलवर फोटो पाठवून देणारा मी. चांगलं-वाईट सगळं त्यानेच सांगितलं, मी फक्त लिहीत गेले. कागद भरल्यावर चष्मेवाल्या 'मी'वर बोट ठेवून विचारलं, "हा एवढाच म्हणजे सोहम का?"

त्याने कागद स्वतःकडे ओढला, सगळं पुन्हा वाचलं. "मॅडम, डोळा बिघडलाय. मी नाही."

हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नव्हतं. एका उणिवेवरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नयेत, हे उमगायला मोठ्यांना महिने लागतात. माझ्याकडे येणारे काही इंजिनिअर अजून तिथवर पोचलेले नाहीत.

पुढचं काम सरावाचं. चिडवलं की एकच वाक्य, साध्या आवाजात: "हो, आहे चष्मा." आणि लगेच आपलं जे चाललंय ते पुढे चालू. उलट 'तू जाड्या' म्हणायचं नाही, त्याने खेळ वाढतो. घरी बाबा चौथीतला मुलगा व्हायचे. ते इतके रंगात यायचे, की आजीने दटावलं.

पालकांना एक आधीच सांगून ठेवते: सुरुवातीला चिडवणं वाढतं. रडण्याची मजा बंद झाली, की मुलं आणखी जोर लावून बघतात. नेमकं तेव्हाच आईवडील 'जमत नाही हे' म्हणून सोडून देतात. सोहमच्या आईचाही तसा फोन आला होता. नेट धरा, म्हटलं. दुसऱ्या बाजूला बाबा रिक्षाकाकांशी शांतपणे बोलले. मोठा माणूस हसला की मुलांना ती परवानगीच वाटते. काका हसायचे थांबले, सोहमची जागा बदलली. 'बिचारा' हा शब्द घरातून हद्दपार झाला, आणि मला विचाराल तर निम्मं काम त्याने झालं. काही आठवड्यांनी चष्मा रिक्षात नाकावर राहू लागला.

पण प्रत्येक चिडवणं मुलाच्या अंगावर टाकू नका. शाळेतल्या छळावर नॉर्वे-स्वीडनमध्ये मूलभूत काम केलेले डॅन ओल्व्हेयुस तीन खुणा सांगतात: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं आणि ताकदीची विषमता. मारणं, डबा-पैसे हिसकावणं, धमकी, अंगाला हात लावणं, टोळीने वाळीत टाकणं, जातीवरून बोलणं, इथे 'हो, आहे चष्मा'सारखी वाक्यं पुरत नाहीत. वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या, दिलेल्या पत्राची पोच घ्या. गरज वाटली तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे.

घरी विचारायचं असेल तर समोर बसवून चौकशी करू नका. स्कूटरवर मागे बसलेलं किंवा शेंगा सोलायला घेतलेलं मूल जास्त बोलतं. 'कोण म्हणालं?' हे नंतर, 'तुला तेव्हा काय वाटलं?' हे आधी. 'माहीत नाही' म्हणालं, तर त्या दिवशी तिथेच सोडा.